जुन्या स्लाइड धूसर, फिक्या, ठिपकेदार: दोष खरंच डीपीएक्सचा का?

काचपट्टी

नमस्कार मंडळी. मी हिस्टॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. शिकवण्यासाठी जपून ठेवलेल्या स्लाइडचं एक मोठं कपाट नुकतंच माझ्याकडे आलं. त्यातल्या बऱ्याच स्लाइड खराब आहेत, पण सगळ्यांचं दुखणं सारखं नाही.

काहींवर दुधाळ पडदा आलाय, डोळ्यांनीसुद्धा दिसतो. काहींमध्ये १०एक्सवर सगळं ठीक दिसतं, पण जवळ गेलं की न्यूक्लियसवर तपकिरी-काळे चकचकीत ठिपके. रंगद्रव्य म्हणावं तर फॉर्मॅलिन पिगमेंटसारखं नाही. काही एच अँड ई (निळं हिमॅटॉक्झिलिन आणि गुलाबी इओसिन) स्लाइडमध्ये निळा रंग जवळजवळ गेलाच आहे, सगळं एकजात गुलाबट. आणि बऱ्याच ठिकाणी कव्हरस्लिपच्या (टिश्यूवरच्या पातळ काचेच्या) कडेने हवा आत शिरलीय, नेच्याच्या पानासारखी नक्षी करत.

आमच्याकडे यातलं काहीही झालं की दोष कव्हरस्लिप चिकटवणाऱ्या माउंटंटला, डीपीएक्सला, आणि एकच निदान ठरलेलं: "डीपीएक्स खराब आलं." मग बाटली बदलतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मला ते पटत नाही. शिवाय अलीकडे केलेल्या काही स्लाइड ४०एक्सखाली नीट फोकसच होत नाहीत, त्याचं काय ते वेगळंच.

ज्यांचे हात यात मुरलेत त्यांनी कृपया लिहावं. जतन कसं करायचं हेही हवंय, पण आधी मुळात बिघडतं कुठे?

निळेकाका

बाटलीला फाशी देण्याआधी तिच्या आधीच्या चार जारची जबानी घ्या. तुम्ही लिहिलेल्या चार दुखण्यांपैकी दोन तर कव्हरस्लिप ठेवायच्या आधीच ठरलेली असतात.

दुधाळ पडदा म्हणजे पाणी. दुसरं काही नाही. सेक्शनमध्ये, म्हणजे टिश्यूच्या पातळ कापात, पाण्याचा अंश राहिला की अल्कोहोलनंतरचं झायलीन आत शिरत नाही आणि त्या जागी प्रकाश विखुरतो. अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल नावाचंच अ‍ॅब्सोल्यूट असतं. झाकण उघडं राहिलं की ते हवेतली ओल ओढून घेतं, शिवाय प्रत्येक रॅक आधीच्या जारमधलं थोडं पाणी बरोबर आणतो. स्लाइड बुडवल्यावर पहिल्या झायलीनमध्ये पांढुरके ढग दिसले तर तुमचं अल्कोहोल संपलंय असं समजा. शंका असेल तर निर्जल कॉपर सल्फेटची पांढरी पूड चिमूटभर एका टेस्ट ट्यूबमध्ये घ्या आणि त्यावर ते अल्कोहोल घाला. पूड निळी पडली की पाणी आहे.

जार बदलण्याची पद्धतही तपासा. शेवटचा अल्कोहोलचा जार ताजा हवा. तो जुना झाला की एक पायरी मागे सरकवायचा आणि सर्वांत मागचा टाकून द्यायचा. मी पाहिलेल्या कित्येक लॅबमध्ये उलटं चालतं: सगळे जार एकाच दिवशी बदलतात, तोवर सगळे एकत्र म्हातारे होत असतात.

तपकिरी ठिपक्यांना आमच्यात कॉर्नफ्लेक म्हणतात. ती हवा आहे. झायलीनमधून स्लाइड काढली, फोन आला, सेक्शन वाळलं, मग डीपीएक्स घातलं. झायलीन उडून गेलेल्या सूक्ष्म पोकळ्यांत हवा बसते. डीपीएक्स घट्ट असल्यामुळे तिथवर पोचत नाही, आणि हवेचा अपवर्तनांक १ तर टिश्यूचा १.५३च्या आसपास, त्यामुळे त्या जागा काळपट चमकतात. फाइन अ‍ॅडजस्टमेंट हलवून पाहा, ठिपका फोकसबाहेर जाताना उजळ-काळा होतो. खरं पिगमेंट असं वागत नाही.

दोन्हींवर उपाय आहे, स्लाइड टाकू नका. कव्हरस्लिप काढायची, झायलीनमधून अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलपर्यंत मागे जायचं, ठिपके असतील तर थेट पाण्यापर्यंत. मग ताज्या अल्कोहोलमधून पुन्हा वर यायचं आणि ओलं असतानाच माउंट करायचं.

मायक्रोटोमवाला

+१. "फोन आला" हे वाचून हसू आलं. आमच्याकडे माउंटिंगच्या टेबलावर फोन ठेवायलाच बंदी आहे.

इओसिनी

निळेकाकांनी फिक्या निळ्याबद्दल लिहिलं नाही, ते मी लिहिते.

अ‍ॅल्युमिनियम हिमॅटॉक्झिलिनला आम्ल चालत नाही. डिफरन्शिएशनचं (जास्तीचा रंग काढायचं) आम्ल नीट धुतलं गेलं नसेल किंवा ब्ल्यूइंग (अल्कधर्मी पाण्यात रंग निळा करणं) घाईत उरकलं असेल, तर स्लाइड त्या दिवशी सुंदर दिसते आणि काही वर्षांनी न्यूक्लियस तपकिरी-गुलाबी होत जातात. नळाचं पाणी पुरेसं अल्कधर्मी नसेल तर त्याच्या भरवशावर ब्ल्यूइंग करू नये. स्कॉटचं द्रावण सोपं आहे: १ लिटर पाण्यात ३.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. त्यानंतर मात्र पाण्याने व्यवस्थित धुवा, नाहीतर अल्कली पुढे इओसिनला त्रास देते.

दुसरा संशयित कॅनडा बाल्सम. कपाट जुनं असेल तर त्यातल्या बऱ्याच स्लाइड बाल्सममध्ये असतील. बाल्सम फर झाडाची ही राळ. काचेशी अपवर्तनांक छान जुळतो, म्हणून कित्येक पिढ्यांनी वापरली. पण ती वयानुसार पिवळी पडते आणि आम्लधर्मी होते, बेसिक रंग हळूहळू खाते. म्हणूनच कर्कपॅट्रिक आणि लेंड्रम यांनी १९३९ मध्ये डीपीएक्स आणलं: पॉलिस्टायरीन, ते लवचीक ठेवणारं प्लास्टिसायझर आणि झायलीन. त्याचा मोठा गुण म्हणजे ते पिवळं पडत नाही आणि रंगाला हात लावत नाही. तेव्हा कपाटातल्या फिक्या स्लाइडची कड मधासारखी पिवळी दिसत असेल तर दोष माउंटंटचाच, पण डीपीएक्सचा नव्हे.

आणि तिसरा संशयित खिडकी. इओसिन असो की हिमॅटॉक्झिलिन, उन्हात ठेवलेली स्लाइड फिकी पडतेच. प्रात्यक्षिकाच्या ट्रे काचेच्या कपाटात मांडून ठेवायची हौस असते काहींना...

अवांतर: इओसिन कमी दिसतंय म्हणून वेळ वाढवण्याआधी कमी टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये स्लाइड किती वेळ बसते ते पाहा. ७० टक्क्यांत इओसिन भराभर निघतं, अ‍ॅब्सोल्यूटमध्ये जवळपास थांबतं.

सूक्ष्मदृष्टी

४०एक्सचं मी सांगतो.

पहिली तपासणी लाजिरवाणी पण कामाची: स्लाइड उलटी तर नाही ना? कव्हरस्लिप खाली गेली तरी १०एक्सवर चित्र येतं, कारण त्या ऑब्जेक्टिव्हला अंतर पुष्कळ असतं. ४०एक्स मात्र एक मिलिमीटर जाड काचेतून टिश्यूपर्यंत पोचूच शकत नाही.

ते ठीक असेल तर जाडी मोजा. जवळजवळ सगळे बायॉलॉजिकल ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिमी कव्हरस्लिप गृहीत धरून बनवलेले असतात, बाजूला कोरलेलंही असतं. नंबर १ची कव्हरस्लिप ०.१३ ते ०.१६, नंबर १.५ची ०.१६ ते ०.१९. लोक विसरतात ते असं, की कव्हरस्लिप आणि टिश्यू यांच्यामधला डीपीएक्सचा थरही त्या जाडीत मोजला जातो. थेंब सढळ पडला की टिश्यू खोल जातं आणि चित्रावर धुकं येतं. ०.६५ एनएच्या (न्यूमरिकल अपर्चर, लेन्सची प्रकाश गोळा करण्याची क्षमता) साध्या ४०एक्सवर हे बरंच खपून जातं, ०.९५वर अजिबात नाही. ऑइल इमर्शनला जाडीची फिकीर कमी, पण थर फारच जाड असेल तर लेन्स टेकते आणि तरी फोकस येत नाही.

आणखी एक: दोन कव्हरस्लिप चिकटून एकदम लागलेल्या मी पाहिल्यात. नख फिरवलं की कडेवर पायरी जाणवते.

काचपट्टी

धन्यवाद, खूपच उपयोगी. उलटी नव्हती :) पण थर जाड आहे हे नक्की. कडेने डीपीएक्स ओघळून स्लाइडच्या पाठीवरही गेलंय.

आता प्रश्न कव्हरस्लिप काढण्याचा. काही स्लाइड इतक्या जुन्या आहेत की झायलीनमध्ये ठेवून आठवडा झाला तरी ढिम्म. ब्लेड घालू का?

मायक्रोटोमवाला

झायलीनच्या आधी फ्रीझर! उणे २० अंशांत ठेवा, बाहेर काढल्या काढल्या कोपऱ्यात ब्लेडचं टोक घालून हलकी उचक द्या. राळ ठिसूळ झालेली असते, कव्हरस्लिप टक् करून उडते. मग उरलेलं डीपीएक्स झायलीनमध्ये विरघळवायचं. तातडीने रीस्टेन करायची असेल तर याच्यासारखं काही नाही.

निळेकाका

मायक्रोटोमवाला, तुमची युक्ती चालते हे मान्य. पण कुठे चालवायची ते सांगा ना. ब्लॉक (मेणात बसवलेला मूळ टिश्यू) शाबूत आहे, बिघडलं तर दुसरं सेक्शन कापता येईल, तिथे खुशाल करा. ज्या स्लाइडचा ब्लॉक केव्हाच गेलाय तिथे टक् आवाजाबरोबर टिश्यूचा तुकडाही कव्हरस्लिपला चिकटून निघू शकतो. ती जोखीम मी घेणार नाही.

अशा स्लाइडसाठी एकच औषध, धीर. आधी तिचे फोटो काढा, जमलं तर स्कॅन करा. मग प्रत्येक स्लाइड स्वतंत्र झाकणबंद जारमध्ये, कारण सुटलेला तुकडा कुणाचा हे नंतर ओळखता येत नाही. जुन्या बाल्समला आठवडेही लागतात. मधूनमधून झायलीन बदला, ताजं झायलीन लवकर विरघळवतं. कव्हरस्लिप आपणहून घसरायला हवी. स्लाइड तिरकी धरल्यावर सरकत नसेल तर परत जारमध्ये.

आणि कृपा करून झायलीन गरम करू नका. फ्लॅश पॉइंट साधारण २५ ते ३२ अंशांच्या दरम्यान आहे, म्हणजे खोलीच्या तापमानालाच ते पेट घेण्याच्या उंबरठ्यावर असतं. जार ओव्हनमध्ये ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

मायक्रोटोमवाला

ब्लॉक नसेल तर नको, सहमत. आमच्याकडे रोजच्या कामात ब्लॉक असतोच, म्हणून तसं लिहिलं गेलं.

नवीनच

मी शिकाऊ आहे, वाचनमात्र होतो. माझे बुडबुडे काही जात नाहीत. सगळे म्हणतात "हात बसेल". हात कसा बसवायचा ते कुणी सांगत नाही.

इओसिनी

नवीनच, हात बसेपर्यंत एक क्रम धरा.

कव्हरस्लिप टेबलावर ठेवा आणि डीपीएक्स तिच्यावर घ्या, स्लाइडवर नाही. २४ × ५० मिमीच्या कव्हरस्लिपला लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ पुरते. रेघ घेताना काडी बाटलीत ढवळू नका, निम्मे बुडबुडे तिथेच तयार होतात. स्लाइड झायलीनमधून काढा, पाठ पुसा, टिश्यूच्या भोवतालचं जास्तीचं झायलीन कडेला टिपून घ्या. टिश्यूवर ओली चकाकी राहिलीच पाहिजे. ती चकाकी जाऊन पृष्ठभाग मॅट दिसायला लागला की थांबा आणि परत झायलीनमध्ये बुडवा, नाहीतर काकांचे कॉर्नफ्लेक हजर.

आता स्लाइड उलटी करून एक कड कव्हरस्लिपच्या कडेला टेकवा आणि पुस्तक मिटावं तशी सावकाश खाली आणा. डीपीएक्सची ओली रेषा पुढे सरकताना दिसेल. ती रेषा तुमच्या हातापेक्षा पुढे असली पाहिजे. हात तिच्या पुढे गेला की हवा अडकते. मग स्लाइड पटकन सुलटी करा आणि सपाट ठेवा.

बुडबुडा राहिलाच तर लगेच दाबादाबी नको. कडेजवळचे छोटे बुडबुडे वाळता वाळता आपले आपण निघून जातात. मधला असेल तर चिमट्याच्या बोथट टोकाने त्याच्या आतल्या बाजूने कडेकडे हलकेच ढकला. टिश्यूवरच बसलेला मोठा बुडबुडा असेल तर ओलं असतानाच कव्हरस्लिप झायलीनमध्ये सोडा आणि नव्याने करा. अर्धा मिनिट जाईल फार तर.

सूक्ष्मदृष्टी

इओसिनी, प्रतिसाद वाचनखूण साठवली आहे.

एक भर. डीपीएक्स घट्ट झालं म्हणून लोक बाटलीत झायलीन ओततात. थोडं चालतं. जास्त झालं की माउंट करताना मस्त पसरतं, पण झायलीन उडून गेल्यावर आत भरायला पॉलिमर पुरत नाही आणि कडेने हवा शिरते. काचपट्टी, तुमची नेच्याची नक्षी बहुतेक हीच.

अजून एक कारण संभवतं. तुमच्याकडे झायलीनऐवजी एखादा पर्याय वापरात होता का? अ‍ॅलिफॅटिक हायड्रोकार्बनवाल्या क्लिअरिंग द्रवात पॉलिस्टायरीन विरघळत नाही, त्यामुळे त्यावर थेट डीपीएक्स घातलं की ढगाळपणा येतो. त्या द्रवांना त्यांच्याशी जुळणारा माउंटंटच लागतो.

काचपट्टी

पर्याय वापरात नव्हता, झायलीनच. बाटलीत झायलीन ओतण्याची सवय मात्र आहे, सगळ्यांनाच.

दरम्यानची प्रगती: दुधाळ स्लाइडपैकी काही मागे नेल्या. अल्कोहोलला कॉपर सल्फेट लावलं, पूड निळी झाली, तीही "आजच भरलेल्या" जारमधल्या अल्कोहोलमध्ये! शोध घेतला तर मोठा कॅन बूच सैल असलेलाच ठेवला जातो. नवा कॅन फोडून पुन्हा केल्या, काचेसारख्या स्वच्छ आल्या. ठिपकेही पाण्यापर्यंत नेल्यावर गेले. फिक्या पडलेल्यांपैकी दोन-चारांना उरलेला रंग आम्लयुक्त अल्कोहोलने काढून, नीट धुऊन, पहिल्यापासून एच अँड ई केलं. अगदी ताज्या सेक्शनइतकं नाही, पण शिकवायला पुरेसं आहे.

आता या पुन्हा खराब होऊ नयेत म्हणून ठेवायच्या कशा?

निळेकाका

वाह, कॅनचं बूच! बघा, डीपीएक्स निर्दोष सुटलं.

ठेवण्याबद्दल. ताज्या स्लाइड आधी सपाट, किमान रात्रभर, आणि पहिले काही तास फ्यूम हूडमध्ये. झायलीनची वाफ भरपूर निघत असताना थेट बंद इनक्युबेटरमध्ये रचू नका, वर फ्लॅश पॉइंट सांगितलाच आहे. नंतर ३७ अंशांत ठेवल्या तर लवकर वाळतात. वरून कोरड्या वाटल्या तरी आतून पूर्ण घट्ट व्हायला बरेच दिवस जातात. त्याआधी उभ्या रचल्या की कव्हरस्लिप सरकते आणि स्लाइड एकमेकींना चिकटतात.

कायमची जागा अंधारी, थंड आणि कोरडी. दमट हवेत बुरशी लागते, आणि ती सर्वांत आधी लागते लेबलच्या कागदावर, डिंकावर आणि पुसायच्या राहिलेल्या इमर्शन ऑइलवर. म्हणून कपाटात जाण्याआधी तेल पुसणं सक्तीचं करा. कडेचं वाळलेलं डीपीएक्स ब्लेडने खरवडा, मग झायलीनमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने एकदा पुसा. कापड भिजलेलं हवं, निथळतं नको, नाहीतर झायलीन कडेतून आत जाईल.

वजनाचा अंदाज घ्या. ७५ × २५ × १ मिमीची एक काच पाच ग्रॅमच्या जवळपास भरते, म्हणजे हजार स्लाइड पाच किलो. भरलेली कपाटं एकावर एक चढवण्याआधी जमीन कशी आहे ते विचारा.

नाव-नंबर फ्रॉस्टेड टोकावर पेन्सिलने. शाईच्या पेनने लिहिलेलं अल्कोहोल-झायलीनमधून जाताना धुऊन निघतं आणि अनोळखी स्लाइड कितीही सुंदर असली तरी निकामी. ग्रॅफाइटला काही होत नाही.

मायक्रोटोमवाला

किती वर्षं ठेवायच्या हेही लिहा कुणीतरी. निदानाच्या स्लाइडसाठी देशोदेशी नियम वेगळे आहेत. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या निकषात सर्जिकल पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि ब्लॉक १० वर्षं आहेत. शिकवण्याच्या संग्रहाला अशी मुदत नसते, म्हणून तर तिथे हेळसांड होते.

इओसिनी

हातमोज्यांबद्दल कुणीच बोललं नाही! पातळ नायट्राइल झायलीनपुढे काही मिनिटंच टिकतात, लेटेक्स तर त्याहून बेकार. भिजले की लगेच बदला. मोजे घातलेत म्हणून जारमध्ये बोटं घालून स्लाइड शोधू नका, चिमटा कशासाठी असतो?

नवीनच

इओसिनीताई, रेषेवर नजर ठेवायची युक्ती जमली. खूप आभार.

शेवटचा प्रश्न. ऑइल रेड ओची, म्हणजे चरबी रंगवलेली, स्लाइडही अशीच डीपीएक्समध्ये केली तर टिकेल ना?

इओसिनी

अजिबात नको! अल्कोहोल आणि झायलीन चरबीही नेतील आणि रंगही, तुमच्या हाती मोकळी भोकं उरतील. ती ग्लिसरीन जेलीत माउंट करायची, थेट पाण्यातून. जेली कोमट करून पातळ करा, हलवू नका, कारण तिच्यातले बुडबुडे सहज निघत नाहीत. वाळल्यावर कडा नेलपॉलिशने बंद करा. तिचा अपवर्तनांक १.४७च्या आसपास आहे, त्यामुळे डीपीएक्सची पारदर्शकता अपेक्षू नका.

आणि कडा बंद केल्या तरी ती कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची स्लाइड नाही. काही काळाने रंग स्फटिक धरतो किंवा चरबीच्या थेंबांबाहेर पसरतो. त्याच दिवशी फोटो काढून घ्या, स्केल बारसकट.

हाच नियम एईसी या रंगजनकाने केलेल्या इम्युनोच्या (अँटिबॉडी वापरून रंगवलेल्या) स्लाइडला. ते लाल उत्पादन अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून तिथे जलीय माउंटंटच. डीएबी या दुसऱ्या रंगजनकाचं तपकिरी मात्र बिनधास्त डीपीएक्समध्ये न्या.